भातखाचरातला पोहणारा जंतू

आषाढात इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या खाचरांत भाताची आवणी सुरू होते. माणसं दिवस दिवस पोटरीपर्यंतच्या चिखलात वाकून उभी असतात. पायाला खडा किंवा धसकट लागून झालेल्या जखमेकडे बघायला कुणाला वेळ नसतो. नेमक्या याच पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा जंतू असू शकतो. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून तो पाण्यात येतो आणि ओल टिकली तर आठवडेच्या आठवडे जगतो.

त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही. शरीर बारीक स्प्रिंगसारखं, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. पोहणाऱ्या बहुतेक जिवाणूंच्या शेपट्या बाहेर असतात. याच्या दोन शेपट्या आवरणाच्या आत, दोन टोकांना एकेक. त्या फिरल्या की अख्खं शरीर स्क्रूसारखं फिरत पुढे सरकतं. गंमत म्हणजे पातळ पाण्यापेक्षा दाट, चिकट द्रवात तो जास्त वेगाने जातो.

पण जायचं कुठे, हे त्याला कसं कळतं? पोहणारे जिवाणू साधारणपणे एकच तुलना करतात: मघाशी चव कशी होती आणि आता कशी आहे. वाढली तर पुढे, नाही तर वळायचं. गल्लीत भज्यांचा वास कुठून येतोय, हे आपणही असंच शोधतो. 1993 मध्ये जपानी संशोधकांना प्रयोगशाळेत दिसलं की रोग करणारे लेप्टोस्पायरा हिमोग्लोबिनकडे, म्हणजे रक्तातल्या लाल द्रव्याकडे, पोहत जातात. रोग करण्याची ताकद गमावलेले तसे जात नाहीत.

अर्थात तो शार्क नव्हे. बांधापलीकडून रक्ताचा माग काढत येत नाही. त्याची धाव फार थोडी. पण जखम त्याच पाण्यात बुडालेली असेल, तर तेवढी पुरते.

गमबूट घाला, हा सल्ला कागदावर छान दिसतो. चिखलात बूट रुततो आणि पाय तेवढा बाहेर येतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. त्यापेक्षा जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावणं आणि घरी आल्यावर साबणाने पाय धुणं जमण्यासारखं आहे.

आवणीनंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली, तर तापाच्या गोळीवर दिवस काढू नयेत. वेळेत दिलं तर डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध काम करतं. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धोक्यात येतात. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ‘आवणीला गेलो होतो’ हे पहिल्यांदा सांगावं.