पिन-मांडणीचे पुनःस्थापन
पिन-मांडणीचे पुनःस्थापन : संगणकीय यंत्रणा निद्रावस्थेतून जागी होताना तिच्यातील चिपच्या पिनांची पूर्वीची मांडणी पुन्हा लावण्याची क्रिया. डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालविणारी आज्ञावली ही क्रिया पार पाडते.

चिपची कार्ये अनेक, पण पिना मर्यादित असतात; म्हणून एकाच पिनेला निरनिराळी कामे देता येतात. पिन कोणत्या कार्यासाठी वापरावयाची, ती संदेश आत घेते की बाहेर पाठविते आणि तिला विद्युत् दाब स्थिर ठेवणारा रोधक जोडावयाचा की नाही, हे चिपमधील रजिस्टरांत लिहिलेल्या अंकांवरून ठरते.

निद्रावस्थेत शक्ती वाचविण्यासाठी चिपच्या काही भागांचा विद्युत् पुरवठा तोडतात. मुख्य स्मृतीतील माहिती टिकते. परंतु पुरवठा तुटलेल्या भागातील रजिस्टरे जागृतीनंतर आरंभीच्या मूल्यांवर येतात. आज्ञावलीने मात्र जुनी मांडणी शाबूत आहे असे गृहीत धरल्यास स्पर्शपटल प्रतिसाद देत नाही किंवा एखादा रिले अकल्पितपणे चालू होऊ शकतो. वाहनांत हा प्रश्न विशेष गंभीर असतो. उभ्या वाहनाची घटमाला संपू नये म्हणून त्यातील मंडले निद्रिस्त ठेवावीच लागतात व ती प्रत्येक वेळी अचूक जागी व्हावी लागतात. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात हिंजवडी-माण परिसरातील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात केपीआयटी टेक्नॉलॉजीज ही वाहनांच्या आज्ञावली तयार करणारी कंपनी आहे.

पुनःस्थापनासाठी रजिस्टरांतील मूल्ये निद्रेपूर्वी मुख्य स्मृतीत साठवून जागृतीच्या वेळी परत लिहितात. यात क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम विद्युत् पुरवठा व कालस्पंद, नंतर पिना व शेवटी उपकरण सुरू करतात. संदेश बाहेर पाठविणाऱ्या पिनेचे मूल्य आधी लिहून मग तिची दिशा ठरवितात. उलट केल्यास क्षणभर चुकीचा संदेश जाऊ शकतो. जागृतीचा संकेत आणणाऱ्या पिनेची मांडणी निद्रेतही टिकवावी लागते.

लिनक्स प्रणालीत २०१२ मध्ये प्रसृत झालेल्या ३.२ या आवृत्तीपासून पिन-नियंत्रणाची स्वतंत्र उपप्रणाली आहे. तीत उपकरणाच्या ‘डीफॉल्ट’, ‘स्लीप’ इ. अवस्था नमूद करता येतात. मात्र मागितलेली अवस्था आधीच निवडलेली असल्याची नोंद असेल, तर ही उपप्रणाली काहीच लिहीत नाही. त्यामुळे निद्रेपूर्वी ‘स्लीप’ अवस्था निवडलेली नसल्यास व पिन-नियंत्रकाच्या ड्रायव्हरनेही मूल्ये परत लिहिली नसल्यास, जागृतीनंतर ‘डीफॉल्ट’ मागूनही मांडणी परत येत नाही. नोंद व प्रत्यक्ष स्थिती यांतील ही तफावत ध्यानात येण्यासाठी यंत्रणा वारंवार निद्रिस्त व जागृत करून रजिस्टरांतील मूल्ये ताडून पाहणे आवश्यक असते.