शेजारच्या देवाचे दार

बदली होऊन बंगळूरला गेलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न घराचा असतो, दुसरा मुलांच्या शाळेचा आणि तिसरा, जो बहुधा आजीच विचारतात, तो म्हणजे, “जवळपास देऊळ आहे का?” इंदिरानगरात घर मिळाले असेल तर उत्तर सोपे आहे. देऊळ तर आहेच. पण चर्च, मशीद आणि गुरुद्वाराही फार दूर नाहीत. मेट्रोची दोन-तीन स्थानके आणि पुढे थोडी रिक्षा, एवढ्या अंतरात जगातले चार मोठे धर्म आपापल्या वेळेला आपापली दारे उघडतात. शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलात तर जैन देरासर, बौद्ध विहार आणि पारशांची अग्यारीही सापडते.

गंमत अशी, की आपण आपल्या देवळाची वाट शोधून काढतो आणि तेथेच थांबतो. शेजारच्या दारात काय चालते, हे पंधरा-पंधरा वर्षे राहूनही ठाऊक नसते. मग मुलाने एखाद्या दिवशी विचारले, की “मशिदीत मूर्ती का नसते?” किंवा “गुरुद्वारात पुस्तकाला पंखा का घालतात?”, तर आपण विषय बदलतो. मुले ते उत्तर मग दुसरीकडून मिळवतात, आणि ते नेहमी चांगल्या ठिकाणाहूनच मिळते असे नाही.

गाव आधी, वसाहत नंतर

इंदिरानगर ही तशी अलीकडची वसाहत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बंगळूर विकास प्राधिकरणाने ती आखली आणि इंदिरा गांधींचे नाव तिला दिले. सरळ रस्ते, क्रमांकाचे ‘मेन’ आणि ‘क्रॉस’, आणि शाळा, दवाखाने, सभागृहे यांसाठी राखून ठेवलेले नागरी सुविधांचे भूखंड. अशा आखीव वसाहतीतही देव कोपऱ्याकोपऱ्यावर, झाडाखाली, पदपथावर येऊन बसतोच. रस्त्यात, बागेत वा अन्य सार्वजनिक जागेवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2009 साली द्यावा लागला, तो उगाच नव्हे.

पण वसाहत नवी असली, तरी तिच्या दोन्ही अंगांची गावे जुनी आहेत. शंभर फुटी रस्त्याने दक्षिणेकडे गेलात की दोम्मलूर लागते. तेथील चोक्कनाथस्वामींचे देऊळ चोळांच्या परंपरेतले. नाव ऐकून आपल्याला शंकराचे देऊळ वाटते, पण येथे चोक्कनाथ म्हणजे विष्णू. त्यावर तेराव्या शतकातले लेख आहेत. देवाच्या खर्चासाठी गावाच्या महसुलातून किती द्यायचे, अशा व्यवहारी गोष्टी त्यांत आहेत. देऊळ बांधणे एकदाचे असते. पण रोजचा नैवेद्य, दिव्याचे तेल आणि झाडलोट यांची तजवीज कायमची करावी लागते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

याच तजविजीत एक मराठी हातही आहे. आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते, की बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती आणि त्यांच्यानंतर ती व्यंकोजीराजांकडे आली. शहराच्या वायव्येला मल्लेश्वरम् भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. ‘काडु’ म्हणजे रान, रानातला मल्लेश्वर. 1669 च्या शिलालेखाप्रमाणे व्यंकोजींनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिले. ते गाव आता नकाशावर नाही. त्या परिसरात भारतीय विज्ञान संस्थेची झाडी उभी आहे. देवाची घंटा मात्र वाजते आहे.

तोंड कोणीकडे?

वसाहतीच्या पश्चिमेला हलसूर. इंग्रजी वळणाने त्याला ‘अल्सूर’ म्हणतात. इंदिरानगरपासून एका स्थानकावर सोमेश्वराचे देऊळ आहे, शहरातल्या सर्वांत जुन्या देवळांपैकी एक. मूळ बांधणी जुनी, पण मंडप आणि गोपुर विजयनगरच्या अखेरच्या काळातले, केंपेगौडांच्या घराण्याच्या वेळचे. भिंतीवर कैलास उचलू पाहणारा रावण आहे, महिषासुराला मारणारी देवी आहे, गिरिजेचे लग्न आहे. मुलांना घेऊन गेलात तर आधी या भिंतीच दाखवा. गाभाऱ्याची रांग कुठे जात नाही.

देऊळ हे देवाचे घर. आपण पाहुणे म्हणून जातो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि निघतो. बरोबर कोणी असलेच पाहिजे असे नाही. दुपारी एकटा माणूस गेला तरी त्याचे दर्शन पूर्ण होते.

मशिदीचा विचार वेगळा आहे. तेथे मूर्ती नाही, कारण देवाला रूप देऊ नये अशीच श्रद्धा आहे. आत गेल्यावर समोर दिसतो तो भिंतीतला एक कोनाडा, मिहराब. त्यात काही ठेवलेले नसते. तो फक्त दिशा दाखवतो. मक्केतील काबा ज्या बाजूला, तिकडे तोंड. आपल्याकडे म्हणून मशिदीची ती भिंत पश्चिमेला असते. बंगळूरहून अचूक सांगायचे तर पश्चिमेहून थोडी उत्तरेकडे. मोरोक्कोतला मुसलमान त्याच नमाजासाठी पूर्वेला तोंड करतो. अगदी सुरुवातीला ही दिशा जेरुसलेमची होती. ती मक्केकडे वळली इसवी सन 624 मध्ये. दाराजवळ पाण्याचा हौज किंवा नळ असतात. हात, तोंड, पाय धुतल्याशिवाय नमाजाला उभे राहायचे नाही. पंढरीला जाणाऱ्याला चंद्रभागेचे स्नान जसे समजावून सांगावे लागत नाही, तसेच हेही.

हलसूर तलावाच्या काठी गुरुद्वारा आहे. डोके झाकून, जोडे काढून, पाय धुऊन आत जायचे. रुमाल नसला तर दारात मिळतो. आत उंच आसनावर गुरू ग्रंथसाहिब. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली, आपल्या नांदेडला, ‘यापुढे ग्रंथ हाच गुरू’ असे सांगितले. म्हणून त्याच्यावर छत्र आणि चवरी. राजाला आणि गुरूला असतो तो मान. पुस्तकाला पंखा का, याचे उत्तर हे. दर्शनानंतर लंगरला बसा. न्यायाधीश आणि हमाल एकाच पंगतीत जमिनीवर बसतात, आणि भाजी वाढणारा कदाचित एखाद्या मोठ्या कंपनीचा अधिकारी असतो. अमृतसरच्या हरिमंदिराला चार दिशांना चार दारे आहेत. तो अर्थ येथे पंगतीत कळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या दहा तासांपेक्षा लंगरात पोळ्या लाटण्याचा एक तास मुलांना अधिक शिकवील.

साडी नेसलेली माउली

शिवाजीनगरचे सेंट मेरी बॅसिलिका हे चर्च एकदा तरी पाहावेच. (हे शिवाजीनगर नावाने आपले वाटते, पण भाषा तेथे तमिळ, उर्दू, कन्नड अशी मिसळलेली आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आबे द्युबुआ या फ्रेंच धर्मोपदेशकाने येथे गवताच्या छपराचे लहानसे प्रार्थनाघर बांधले. हिंदूंच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिणारा तो हाच. आजची उंच मनोऱ्याची, टोकदार कमानींची गॉथिक इमारत 1882 मध्ये पूर्ण झाली आणि 1974 साली पोपनी या चर्चला ‘बॅसिलिका’ हा मान दिला.

चर्चची ठेवण मशिदीसारखीच समुदायासाठी असते. लांबट सभागृह, बाकांच्या रांगा, शेवटी वेदी. जुन्या रूढीप्रमाणे ही वेदी पूर्वेला ठेवतात, उगवत्या सूर्याकडे. पण शिवाजीनगरला लोक मुख्य वेदीइतकेच ओढले जातात ते मेरीच्या मूर्तीकडे. ही मेरी साडी नेसलेली आहे. हातात बाळ, अंगावर रेशमी साडी, गळ्यात हार. ऑगस्टच्या अखेरीस ध्वज चढतो, नऊ दिवस नोव्हेना चालते आणि 8 सप्टेंबरला, मेरीच्या जन्मदिनी, तिचा रथ निघतो. या दिवसांत कित्येक भाविक भगवी वस्त्रे घालतात. मेणबत्त्या लावणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरखा घेतलेल्याही असतात. मूल व्हावे, आजार बरा व्हावा, मुलीचे जमावे. नवसांचे विषय सगळ्यांचे सारखेच.

मुंबईकरांना यात नवल वाटणार नाही. वांद्र्याची मोतमाउली याच जन्मदिनाच्या निमित्ताने जत्रा भरवते, आणि तेथेही रांगेत कोण कुठल्या धर्माचे हे कोणी विचारत नाही. देवाला आपल्या घरचे कपडे घातले की तो आपला होतो, हे लोकांना शिकवावे लागत नाही.

दहा माणसे

आता ज्या दारात गर्दी नाही त्यांच्याकडे वळू. क्वीन्स रोडवर पारशांची अग्यारी आहे, 1926 ची. ती बाहेरूनच पाहायची, कारण आत फक्त पारशी जातात. यात रागावण्यासारखे काही नाही. आतला पवित्र अग्नी अखंड ठेवावा लागतो. दिवसाच्या पाच प्रहरी त्याला लाकूड वाहिले जाते. सर्वांत श्रेष्ठ दर्जाचा अग्नी, आतश बेहराम, सोळा निरनिराळ्या अग्नींतून शुद्ध करून सिद्ध होतो. भारतात असे आठच आहेत. चार मुंबईत, दोन सुरतेत, आणि नवसारी व उदवाडा येथे एकेक. अग्नी राखायला माणूस लागतो, आणि पारशांची संख्या घटते आहे. खरी काळजी दाराबाहेर उभ्या राहणाऱ्यांची नसून ही आहे.

ज्यूंचे त्याहून कठीण. बंगळूरला त्यांचे जुने सिनेगॉग नाही. आहे ते दफनस्थान. 1904 साली म्हैसूरच्या कृष्णराज वोडेयार महाराजांनी त्यासाठी जागा दिली. सनातनी ज्यू परंपरेत सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरील दहा पुरुष हजर असावे लागतात. नऊ असतील तर दहाव्याची वाट पाहायची. इमारत नसली तर एखाद्या घरच्या दिवाणखान्यात प्रार्थना होते. दहा माणसे नसली तर संगमरवरी सिनेगॉगमध्येही ती प्रार्थना होत नाही.

हे आपल्या कोकणाला चांगले ठाऊक आहे. बेने इस्रायली, ज्यांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्यांच्यातले सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. सुटलो तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला, असे परंपरा सांगते. सुटून आल्यावर 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग त्यांनी उभारले. बेने इस्रायली बोलीत सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. कन्नड मुलखातल्या तुरुंगातला नवस, मराठी माणसाने फेडलेला, आणि नाव अरबी!

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील सिनेगॉग उभी आहेत. भिंतींना रंग आहे, दिवाही लागतो. प्रश्न उरतो तो दहाचा.

उलट काही ठिकाणी माणसे नव्याने जोडली जातात. बंगळूरच्या गांधीनगरमध्ये आचार्य बुद्धरक्खितांनी महाबोधी सोसायटीचा विहार सुरू केला तो 1956 साली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. तेथे जाऊन शांत बसणाऱ्याला कोणी जात वा धर्म विचारत नाही.

करगाची रात्र

माणसांवर देव चालतो म्हटले, की शेजाऱ्यांचाही प्रश्न येतो. बंगळूरच्या जुन्या पेठेत धर्मरायस्वामींचे म्हणजे युधिष्ठिराचे देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेच्या रात्री तेथून द्रौपदीचा करग निघतो. थिगळ समाजातला पुजारी बायकी वेष करून, फुलांनी मढवलेला उंच करग डोक्यावर तोलून धावत निघतो. भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार. ही मिरवणूक पेठांतून फिरताना कॉटनपेठेतील हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात जाते. करग तेथे क्षणभर थांबतो, दर्ग्याचे लोक स्वागत करतात, आणि मग वाट पुढे चालू लागते.

2022 साली, करोनाची दोन वर्षे सरल्यावर, करग पूर्वीसारखा निघणार होता. तेव्हा ही भेट थांबवावी अशी मागणी काही जणांनी केली. निर्णय देवळाच्या लोकांचा होता. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत मोडायची नाही, असे त्यांनी ठरवले. करग दर्ग्यात गेला.

पाहायला जायचे असेल तर दुपारी झोप काढून जा. करग मध्यरात्रीनंतरच देवळातून बाहेर पडतो आणि पहाटेपर्यंत फिरतो. वाटेवर मोगऱ्याचा खच पडतो. लहान मुलांना खांद्यावर घ्या, कारण तलवारी असलेल्या गर्दीत हात सुटता कामा नये.