चौथं वर्ष करायचं का? आत्ताच ठरवा!

‘तू चौथं वर्ष करणारेस?’ मारुती मंदिरला चहा घेताना हा प्रश्न तुमच्याही ग्रुपमध्ये निघाला असेल. आणि उत्तर बहुतेक हेच असेल: ‘बघू रे, आधी टीवाय तर होऊ दे.’ गडबड इथेच होते. कारण ऑनर्सचा हिशेब टीवायनंतर नाही, एफवायच्या पहिल्या सेमिस्टरपासून सुरू होतो.

मी जुन्या पद्धतीत शिकले. तीन वर्षं, डिग्री, विषय संपला. तुमच्याकडे पर्याय जास्त आहेत, म्हणून गोंधळही जास्त.

आधी बेरीज बघा. नवीन शैक्षणिक धोरण राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. मुंबई विद्यापीठाच्या आराखड्यात एका सेमिस्टरला २२ क्रेडिट. तीन वर्षांचे १३२, चार वर्षांचे १७६. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, ओजेटी, फिल्ड प्रोजेक्ट सगळं यातच आलं.

चौथ्या वर्षाचे प्रकार दोन. एक साधं ऑनर्स. त्यात वरच्या पातळीचे पेपर असतात. दुसरं ‘ऑनर्स विथ रिसर्च’. त्यात गाइडच्या हाताखाली संशोधन प्रकल्प करायचा. यूजीसीच्या नियमाप्रमाणे रिसर्चसाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के लागतात. आता कळलं? एफवायला ‘पास झालो, बस’ म्हणत घालवलेली सेमिस्टर इथे आडवी येते.

‘पण एक वर्ष फुकट जाईल ना?’ नाही. तीन वर्षांची पदवी घेतली तर एमए, एमएस्सी दोन वर्षांचं. चार वर्षांचं ऑनर्स केलं तर एकाच वर्षाचं. बेरीज दोन्हीकडे पाचच. उलट, पीजीसाठी मुंबई-पुण्याला जाणार असाल, तर चौथं वर्ष घरी राहून झालं म्हणजे हॉस्टेलचं एक वर्ष वाचलं. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पीएचडीच्या प्रवेशासाठी अर्जही करता येतो.

मग सगळ्यांनीच थांबायचं? मुळीच नाही. एमपीएससीची राज्यसेवा असो की बँकेची परीक्षा, तिथे पदवी लागते आणि ती तिसऱ्या वर्षीच हातात येते. घरी कमावणारं माणूस हवं असेल तर तीन वर्षांत बाहेर पडण्यात कमीपणा काही नाही. अगदी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबावं लागलं, तरी ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप करून सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा मिळतो. तीन वर्षांच्या आत परत येता येतं. फक्त पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची.

कॉलेज बदललं तरी कमावलेले क्रेडिट बुडत नाहीत. ते अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये राहतात. तिथे खातं नसेल तर आजच काढा.

आता कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा:

• माझ्या मेजर विषयात चौथं वर्ष इथे आहे का? रिसर्चसाठी गाइड आहेत का?
• नसेल, तर जवळ कुठे आहे आणि क्रेडिट तिकडे नेता येतील का?
• मला हवं ते पीजी एका वर्षाचं कुठल्या विद्यापीठात सुरू आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक विषयाला वेगळं येईल. मैत्रिणीला मिळालेल्या उत्तरावर आपलं ठरवू नका. एफवायला असाल तर हे प्रश्न लवकर वाटतील. टीवायला असाल तर, खरं सांगायचं, थोडा उशीर झालाय. तरी विचारा. चहा नंतरही पिता येईल!