बहात्तर हजारांची वाडी

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, एडमंटन या राजधानीच्या पूर्व सीमेला लागून शेरवुड पार्क ही वस्ती आहे. २०२१ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ७२ हजार भरली. शाळा, बाजार, वाचनालय असे शहराला शोभणारे सारे तेथे आहे; नाही ते फक्त शहरपण. प्रांताच्या दप्तरी ती ‘हॅम्लेट’, म्हणजे नुसती वाडी आहे आणि तिला स्वतंत्र नगरपालिका नाही. उलट त्याच प्रांतातील वेटॅस्किविन जेमतेम साडेबारा हजार वस्तीवर १९०६ पासून शहर म्हणून मिरवत आहे.

कायदा पाहावा तर सरळ आहे. ३०० वस्तीला ग्राम, १,००० ला नगर आणि १०,००० ला शहर असा दर्जा मागता येतो. परंतु तो मागावा लागतो, संख्या भरली म्हणून आपोआप गळ्यात पडत नाही. तळ्याकाठच्या ‘ग्रीष्म-ग्रामां’ची तर तऱ्हाच निराळी! तेथे बारमाही न राहणाऱ्या घरमालकांनाही मताचा अधिकार असून निवडणूक उन्हाळ्यात होते. तात्पर्य, डोकी मोजून येथील नकाशा उलगडत नाही. त्यासाठी कराची वही उघडावी लागते.

शेरवुड पार्कच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखान्यांची रांग आहे. त्यांचा मालमत्ता कर स्ट्रॅथकोना परगण्याच्या तिजोरीत जमा होतो आणि वाडीही त्याच परगण्यात मोडते. वाडीने शहर होऊन वेगळी चूल मांडली आणि कारखाने परगण्याकडेच राहिले, तर रस्ते-पाण्याचा भार एकट्या घरमालकांवर पडेल. कारखाने वाडीबरोबर गेले, तर उरलेला शेतकरी भाग उघडा पडेल. या उत्पन्नाचे महत्त्व एडमंटनलाही ठाऊक होते. १९७९ मध्ये त्या शहराने सगळा परगणाच आपल्या हद्दीत घेण्याचा अर्ज केला. १९८१ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळाने त्याला काही जमीन दिली. शेरवुड पार्क मात्र वगळले. पुढे १९९६ मध्ये स्ट्रॅथकोनाला ‘विशेष पालिका’ ठरवण्यात आले. महापौराखेरीज आठ सदस्यांपैकी पाच वाडीचे आणि तीन ग्रामीण भागाचे असतात. परगण्याची लोकसंख्या सुमारे ९९ हजार. म्हणजे सव्वासत्तावीस टक्के ग्रामीण जनतेला साडेसदतीस टक्के जागा मिळतात. काटेकोर समतेच्या दृष्टीने हे खटकेल. पण एकत्र नांदायचे तर दुबळ्या बाजूला थोडे झुकते माप द्यावे लागते, हे व्यवहाराला धरूनच आहे.

फोर्ट मॅकमरीने तर मिळालेला दर्जा सोडला. १९८० मध्ये शहर झालेली ही वस्ती १९९५ मध्ये भोवतालच्या विस्तीर्ण प्रदेशात विलीन होऊन वुड बफलो पालिका अस्तित्वात आली. कामगार राहत शहरात आणि तेलवाळूचे प्रकल्प हद्दीबाहेर, ही विसंगती त्यामुळे मिटली.

याची दुसरी बाजू हाइथ या ग्रामात दिसते. २०१६ च्या जनगणनेत तेथे ८२७ माणसे होती. ग्रामाच्या किमान अटीच्या अडीचपटीहून अधिक. तरीही १ जुलै २०२१ रोजी ते बरखास्त होऊन ग्रँड प्रेअरी परगण्यातील एक वाडी झाले. जलवाहिन्या नि रस्ते यांचा दुरुस्तीखर्च चारपाचशे घरांवर वाटायचा, की तेल-वायूच्या विहिरी असलेल्या परगण्याच्या पदरात जायचे, असा हा प्रश्न असतो. अशा वेळी ग्रामस्थ आपली परिषद गमावतात. आपल्या गल्लीच्या कराविषयी निर्णय घेणारी माणसे मग दूरच्या कचेरीत बसतात आणि त्यांच्यात आपला प्रतिनिधी फार तर एखादा असतो.

शिवाय ज्या उत्पन्नाच्या भरवशावर हा सौदा होतो, ते निर्धोक नाही. तेल-वायू कंपन्यांनी थकवलेला मालमत्ता कर वीस कोटी डॉलरांवर गेल्याचे आल्बर्टातील ग्रामीण पालिकांच्या संघटनेने २०२१ मध्येच जाहीर केले होते.