टाकीच्या झाकणातला होल्डर

फिश टँकचा दिवा लुकलुकायला लागला की माणूस आधी ट्यूब बदलतो, मग स्टार्टर बदलतो. तरीही लुकलुक सुरूच राहिली की नजर होल्डरकडे जाते. मेळघाटात परतवाडा–धारणी रस्त्यावर सिपना नदीकाठी वसलेल्या सेमाडोहसारख्या गावात होल्डरचा विचार आधी करायला हवा. पाऊसकाळात इथे घरातले कपडेही धड वाळत नाहीत. मग पाण्यापासून वीतभर उंचीवर, बंद झाकणात बसवलेल्या होल्डरची काय गत होत असेल?

होल्डर खराब होतो तो ओलीमुळे. टाकीतल्या पाण्याची वाफ झाकणाला लागून थेंब होते. ही वाफ तशी शुद्ध असते. जास्त नुकसान करतात ते हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांतून उडणारे तुषार. त्यांच्यात पाण्यातले क्षार असतात. तुषार वाळले की होल्डरवर पांढरा थर उरतो आणि तो थर हवेतली ओल पुन्हा ओढून घेतो. आतली पितळेची पत्ती हिरवट पडते. पत्ती आणि ट्यूबची पिन यांचा नीट मेळ राहत नाही, तिथे विजेला अडथळा होतो आणि अडथळ्याच्या जागी उष्णता निर्माण होते. उष्णतेने पत्तीचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, बारीक ठिणग्या पडू लागतात. शेवटी प्लास्टिक तपकिरी होऊन जळका वास येतो. मेळघाटातल्या हिवाळ्याचाही यात वाटा असतो. रात्री हवा गार आणि हीटरमुळे पाणी कोमट, म्हणजे झाकणाला आतून थेंब धरणारच.

दोष नक्की होल्डरचाच आहे का, हे आधी पाहावं. ट्यूबची टोकं काळी पडली असतील तर ट्यूबचं आयुष्य संपत आलं आहे. जुन्या चोकच्या जोडणीत दोन्ही टोकं नुसती तांबूस जळत राहिली आणि मधला भाग पेटलाच नाही, तर स्टार्टर बदलून पाहावा. दुसरी चांगली ट्यूब लावूनही दिवा अधूनमधून जात असेल, किंवा होल्डरवर डाग दिसत असेल, तर होल्डरच गेला समजावं. दिवा पेटलेला असताना ट्यूब हलवून पाहण्याची सवय मात्र सोडावी. खाली पाणी आहे.

हात घालण्याआधी पिन बोर्डातून उपसून काढावी. नुसता खटका बंद करून भागत नाही. वायरिंग करताना खटका चुकून न्यूट्रलवर बसवला गेला असेल तर तो बंद करूनही फेज दिव्यापर्यंत पोहोचलेला असतो. टेस्टर लागला नाही, एवढ्यावरही विसंबू नये. फिल्टर आणि हीटर यांच्याही पिना काढाव्यात. झाकण उचलून टाकीपासून दूर, कोरड्या टेबलावर ठेवावं आणि ट्यूब निवू द्यावी.

बाजारात जाताना जुना होल्डर सोबत न्यावा. नाहीतर वाटेतलं घाटांग ओलांडून परतवाड्याला केलेली फेरी फुकट जायची. साधारण २६ मिलिमीटर जाडीच्या ट्यूबच्या दोन पिनांमध्ये १३ मिलिमीटर अंतर असतं, १६ मिलिमीटरच्या बारीक ट्यूबला ५. दोघांचे होल्डर वेगळे. टाकीसाठी रबरी कडी आणि आट्यांचं टोपण असलेला वॉटरप्रूफ होल्डर मिळाला तर तोच घ्यावा. चार पैसे जास्त पडले तरी हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. ट्यूब पाव फेरा फिरवून काढावी. झाकणाचे स्क्रू पेचकसने सोडवावेत आणि कोणती वायर कुठे जाते याचा मोबाइलवर फोटो काढावा. बऱ्याच ट्यूब-होल्डरमध्ये वायर नुसती दाबून बसवलेली असते. शेजारच्या बारीक भोकात सुई किंवा पातळ तार खुपसली की आतली पकड सुटते. सुटलेलं वायरचं टोक काळं पडलेलं दिसेल. ते तसंच नव्या होल्डरमध्ये घालू नये. लकाकतं तांबं दिसेपर्यंत वायर कापावी आणि आठ-नऊ मिलिमीटर आवरण सोलावं. वायर आखूड पडली तर टेप गुंडाळून जोड देऊ नये, पूर्ण वायरच बदलावी. पाण्यावरच्या ओलीत टेपचा डिंक सुटतो. नवी वायर बसली की हलकेच ओढून पाहावी. सरकली तर पुन्हा बसवावी.

ट्यूबऐवजी बल्ब असेल तर होल्डरचा प्रकार पाहावा. आपल्या घरात असतो तसा खाचेचा होल्डर असेल तर दोन्ही वायरी कुठल्याही टोकाला चालतात. आट्यांच्या होल्डरमध्ये तसं चालत नाही. त्यात फेज तळाच्या मधल्या टिकलीला आणि न्यूट्रल आट्यांच्या कवचाला जोडायला हवा. उलटं झालं तर बल्ब बदलताना बोट लागेल असं कवचच जिवंत राहतं.

हे सगळं करून झाकण होतं तसंच ओलं ठेवलं, तर नवा होल्डरही त्याच वाटेने जाईल. म्हणून दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं आवरण ठेवावं, ते अधूनमधून पुसावं, आणि हवेचे बुडबुडे होल्डरच्या बरोबर खाली फुटणार नाहीत अशा बेताने नळी सरकवावी. झाकणाला मागे हवा खेळायला फट हवी. माझ्या मते नव्या होल्डरपेक्षा हीच कामं जास्त महत्त्वाची आहेत.

दुरुस्तीची घाई करू नये. चार दिवस दिवा नसला तरी घरातल्या दिवसाच्या उजेडावर गप्पी-मॉलीसारख्या माशांचं भागतं. त्यांना हवा आणि फिल्टर मात्र सुरू हवेत. म्हणून दिव्याचं झाकण बाजूला कोरडं पडून राहिलं तरी चालेल, फक्त मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून टाकीवर जाळी टाकावी.

जोडणी झाल्यावर झाकण टाकीवर ठेवण्याआधी टेबलावरच, कोरड्या हातांनी, अर्धा तास दिवा लावून पाहावा. मग पिन काढून होल्डरला हात लावावा. ट्यूबच्या टोकाशी थोडी ऊब असणारच, पण चटका बसला किंवा दोन टोकांच्या उष्णतेत मोठा फरक जाणवला तर जोड पुन्हा तपासावा. सगळं ठीक असेल तर झाकण टाकीवर चढवावं आणि वायर बोर्डाच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर पिनेकडे न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशीच टपकेल. टाकी ज्या बोर्डावर आहे त्या लाइनला ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी नसेल, तर जाणत्या वायरमनकडून तो बसवून घ्यावा आणि अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्यावं.