भागीतल्या शेळ्या : धंदा वाढतो कसा, मोडतो कसा



आपला आष्टी तालुका पाण्याच्या तुटीचा. पावसाने दडी मारली की ऊस वाळतो आणि घरची माणसे कोयता घेऊन परमुलखातल्या फडावर जातात. म्हणून उसाला जोडधंदा हवाच. त्यात शेळी कमी भांडवलाची, आणि उस्मानाबादी शेळी तर आपल्याच मुलखातली, उन्हाला टिकणारी. बरेच सभासद दोघे-तिघे मिळून शेळ्या पाळण्याचा विचार करतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

अर्धेलीची रीत आपल्याला जुनीच आहे. एकाची शेळी, दुसऱ्याची राखण, करडे निम्मी-निम्मी. दोन-चार शेळ्यांना ही रीत पुरते, कारण चारा बांधावरचा असतो आणि खर्च असा नसतोच. शेळ्या पन्नासावर गेल्या की गोठा, खुराक, लस, राखणदाराचा पगार आला. तो कोणी किती घालायचा हे ठरलेले नसले की भांडण आलेच.

आता वाढीचा हिशेब पाहू. शेळी पाच महिन्यांत विते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत देते, आणि उस्मानाबादीला जुळी पुष्कळदा होतात. वेताला सरासरी दीड करडू धरले तर दहा शेळ्यांची दोन वर्षांत 45 करडे होतात. मरतूक वजा जाता चाळीसेक धरा. त्यात निम्म्या पाटी. त्या ठेवल्या तर कळप वाढतो, विकल्या तर हातात पैसा येतो. एका भागीदाराला लेकीच्या लग्नाला पैसा हवा असतो, दुसऱ्याला कळप वाढवायचा असतो. भागी मोडते ती बहुधा इथेच. म्हणून बोकड कधी विकायचे आणि पाटी किती ठेवायच्या, हे आधीच कागदावर घ्यावे.

चाऱ्याचेही तसेच. हंगामात वाढे मुबलक, म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. वाढ्यातले ऑक्झॅलिक आम्ल अंगातले कॅल्शियम ओढते. जोडीला शेवरी, लसूणघास, तुरीचे भुसकट व क्षार-मिश्रण द्यावे. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचावी, पीपीआरची डॉक्टरांच्या सल्ल्याने. कळपाचा बोकड वेळेवर बदलावा, नाहीतर नात्यातच पैदास होऊन करडे खुरटतात.

आता कायदा. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात काही लिहिले नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो, मग कोणी पैसा जास्त घातलेला असो. पेढीच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पुरता जबाबदार. करारात वेगळे नसेल तर एक भागीदार वारला की भागी संपते. पेढीची नोंदणी नसेल तर करारातल्या हक्कासाठी जोडीदारावर साधारणपणे दावा चालत नाही; मोडलेल्या भागीच्या हिशेबाचा तेवढा चालतो. तेव्हा भाऊबंद असले तरी लेखी करार आणि नोंदणी करावीच. सोयरिकीत कागद कशाला, असे म्हणणारेच पुढे बोलेनासे होतात.

मोठ्या भागीचा एक दाखला डेन्मार्कचा. 1887 साली जर्मनीने तिथली जिवंत डुकरे घेणे बंद केले. त्याच वर्षी हॉर्सन्स गावच्या शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कत्तलखाना काढला व तयार मांस इंग्लंडला धाडले. सहकारी डेअरीतून परत मिळणारे साय काढलेले दूध डुकरांना खाऊ घातले. सभासदाने आपली सारी डुकरे तिथेच घालायची, हा नियम. आपण नोंदीचा ऊस कारखान्याला घालतो, तसेच हे. जास्त भाव दिसला म्हणून माल बाहेर नेला असता तर कत्तलखाना उभाच राहिला नसता.

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या व 5 बोकडांच्या गटाला 50 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद झाली. पण अनुदानाकडे पाहून एकदम शंभर शेळ्या बांधू नका. सध्याचे नियम पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. दहापासून सुरुवात करा, रोजची नोंदवही ठेवा, महिन्याला सगळ्यांच्या सह्या घ्या. दोन वर्षांनी वहीच सांगेल, पुढे जायचे की थांबायचे.