नाव कलावंताचे की व्यंगाचे?

ब्राझील देशातील मिनास जेराइस प्रांतात काँगोन्यास नावाचे एक गाव आहे. तेथील टेकडीवर 'बों जेझूस'चे तीर्थमंदिर उभे आहे. आपल्या जुन्या गोव्यातील महामंदिरही याच नावाने ओळखले जाते. काँगोन्यासच्या मंदिराच्या पायऱ्यांवर जुन्या करारातील बारा संदेष्टे शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेले आहेत. ते १८०० ते १८०५ या काळात घडविले गेले. त्यापूर्वी, १७९६ ते १७९९ या वर्षांत, त्याच शिल्पकाराने आपल्या साहाय्यकांसह प्रभू ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे प्रसंग दाखविणाऱ्या साठांहून अधिक लाकडी मूर्ती तेथे तयार केल्या. १९८५ साली युनेस्कोने या स्थळाची गणना जागतिक वारशात केली.

या शिल्पकाराचे नाव आंतोनियु फ्रान्सिस्कु लिस्बोआ. पिता पोर्तुगीज वास्तुकार, माता आफ्रिकी वंशाची दासी. प्रौढ वयात एका दुर्धर व्याधीने त्यांचे हातपाय झिजत गेले. साहाय्यक त्यांच्या हातांना छिन्नी व हातोडी बांधून देत आणि मग ते काम करीत, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेविले आहे. १८१४ साली ते निवर्तले. परंतु जगाच्या तोंडी त्यांचे खरे नाव राहिले नाही. 'आलेजादिन्यु', म्हणजे 'लहानगा पांगळा', हेच टोपणनाव कायम झाले. बारा संदेष्टे घडविणाऱ्याची ओळख अखेर त्याच्या व्यंगाने व्हावी, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

कारण तोच प्रश्न आज आपल्यापुढेही आहे. अपंग बंधुभगिनींनी काढलेली चित्रे, विणलेल्या वस्तू, घडविलेल्या मूर्ती यांची प्रदर्शने आता ठिकठिकाणी भरतात. गोव्यात पणजी येथे जानेवारी २०२३ मध्ये 'पर्पल फेस्ट' हा अपंगांचा मोठा महोत्सव भरला. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु अशा ठिकाणी जाणारे आपण नेमके काय पाहतो? चित्र पाहतो, की चित्र काढणाऱ्याचा नसलेला हात?

याचे उत्तर शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या जीवनात सापडते. १९०४ साली जन्मलेल्या या चित्रकाराची दृष्टी बालपणापासूनच अतिशय क्षीण होती. तरीही १९४६-४७ साली त्यांनी तेथील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र रंगविले. त्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत आणि अंध म्हणून प्रसिद्ध असलेले सूरदासही आहेत. पुढे दहा वर्षांनी, शस्त्रक्रियेनंतर, चित्रकाराची स्वतःचीच दृष्टी पूर्णपणे गेली. पण काम थांबले नाही. ते कागद कापून चित्रे जुळवू लागले, मेणाच्या आकृत्या करू लागले, आणि १९७२ साली त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर फरश्यांचे मोठे भित्तिचित्र उभे केले. बडोद्याच्या कलाविद्यालयात अनेक पिढ्या घडविणारे के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचेच शिष्य. या शिष्यांनी गुरूला 'आंधळा चित्रकार' म्हणून मान दिला नाही; चित्रकार म्हणून दिला.

दुसरे उदाहरण तोंडाने व पायाने चित्रे काढणाऱ्यांच्या जागतिक संघाचे. एरिख स्टेगमान या जर्मन चित्रकाराचे हात बालपणीच पोलिओने निकामी झाले होते. दातांत कुंचला धरून तो रंगवीत असे. १९५६-५७ च्या सुमारास त्याने काही सहकाऱ्यांसह लिक्टेनस्टाइन येथे हा संघ स्थापिला. आम्हांस भीक नको, आमच्या श्रमाचे मोल हवे, हे त्याचे सूत्र. सभासदांच्या चित्रांवरून नाताळची भेटकार्डे व दिनदर्शिका छापून विकल्या जातात आणि त्यांतून कलावंतांना नियमित मानधन मिळते. पुढे आजार बळावून कुंचला धरवेनासा झाला तरी पूर्ण सभासदाचे मानधन बंद होत नाही. मुंबईतही या संघाचे कार्यालय आहे.

वाचकहो, आपल्या गावाच्या फेस्तात असे एखादे छोटे प्रदर्शन भरविणे कठीण नाही. मात्र चार गोष्टी सांभाळाव्यात. चित्राखाली प्रथम चित्राचे व कलावंताचे नाव लिहावे. व्यंगाचा उल्लेख त्याची इच्छा असेल तरच करावा. किंमत स्पष्ट मांडावी आणि घासाघीस करू नये. चित्रे इतक्या उंचीवर लावावीत की चाकाच्या खुर्चीत बसलेल्यालाही ती नीट पाहता येतील, व पायऱ्यांच्या ठिकाणी उतरण करावी. मूर्ती व विणकाम अंधांना हाताने चाचपून पाहू द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्र आवडले तरच विकत घ्यावे. दयेपोटी घेतलेले चित्र कपाटाच्या मागे पडते. आवडून घेतलेले बैठकीच्या भिंतीवर लागते. ज्याने ते काढले त्याला हा फरक पुरता ठाऊक असतो.

आपल्या एखाद्या घरात, मागच्या खोलीत, पाहुण्यांच्या नजरेआड वाढणारे एखादे मूल असेल. त्याच्या हाती, हात नसल्यास पायाच्या बोटांत, रंगाची कांडी देऊन पाहावी. सगळीच मुले चित्रकार होणार नाहीत. इतर मुलेही कोठे होतात? पण त्याने काढलेला कागद दिवाणखान्यात लागला की त्याच्या मागोमाग ते मूलही दिवाणखान्यात येते. तेथे त्याची ओळख करून देताना आईबापांनी त्याचे नाव सांगावे, आणि तेवढेच पुरेसे आहे.